हळदीच्या डागाला साबण नको: गाडीच्या सीट आणि घरातली पोरं

सीटवर काही सांडलं की आपण आधी ओलं फडकं शोधतो, मग साबण. डाग कायमचा बसतो तो बऱ्याचदा या दोन वस्तूंमुळेच. काय सांडलंय ते आधी बघायचं, पाणी कमीत कमी वापरायचं आणि घासायचं नाही, टिपायचं. एवढं सांभाळलं तर निम्म्याहून जास्त डाग घरीच निघतात.

सांगलीकरांच्या गाडीत पहिला मान हळदीचा. डब्यातली बटाट्याची भाजी, मिसळीचा कट, वरणभात, भडंग, सगळ्यात हळद आणि बहुतेकांत तेलही. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनमुळे असतो आणि अल्कलीशी, म्हणजे साबण-सोड्यासारख्या क्षाराशी, गाठ पडली की ते लाल होतं. पारंपरिक कुंकू असंच होतं, हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया करून. कपड्याची वडी, धुण्याची पावडर आणि खायचा सोडा हे तिन्ही अल्कलीच. म्हणजे सीटवरच्या भाजीच्या डागावर वडी घासणारा माणूस तिथे कुंकूच करत असतो.

भाजी सांडली तर आधी स्टीलच्या चमच्याच्या कडेने ती उचला, डागाच्या कडेकडून मध्याकडे. उलट केलंत तर डाग पसरतो. मग कोरडा टिश्यू किंवा जुनं सुती फडकं दाबून तेल टिपा, टिश्यू कोरडा निघेपर्यंत बदलत राहा. त्यानंतर पाव लिटर गार पाण्यात भांड्यांचं लिक्विड अर्धा चहाचा चमचा. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि डागावर दाबायचं. हे लिक्विड बहुधा वडीपेक्षा सौम्य असतं, पण डागाच्या एका कोपऱ्यावर थेंबभर लावून पाहा. लालसर झालं तर ते लिक्विड नको. शेवटी साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण काढा. साबण मागे राहिला तर त्याच जागी धूळ चिकटते आणि महिनाभरात तिथे नवा काळपट ठसा दिसतो.

डाग आधीच लाल झालेला असेल तर कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून टिपून लावा, तो परत पिवळा होतो. राहिलेल्या पिवळ्यावर ऊन हाच उपाय. कर्क्युमिन प्रकाशात फिकं पडतं, म्हणून दार उघडं ठेवून सीटवर थेट ऊन येईल अशी गाडी लावा. दोन-तीन दुपारी लागतात.

पसरणी घाट चढताना किंवा केळघरच्या वळणांवर मागच्या सीटवर काय होतं ते सातारकरांना वेगळं सांगायला नको. उलटीत दूध आणि अन्न असतं, म्हणजे प्रथिनं. गरम पाणी लागलं की ती घट्ट होऊन धाग्यांत बसतात, अंडं शिजतं तशी. म्हणून पाणी गारच. जुन्या प्लॅस्टिक कार्डाने घट्ट भाग उचला, गार पाण्याने पिळलेल्या फडक्याने टिपा, मग एन्झाइमवालं कपड्यांचं लिक्विड पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा या मापाने दाबून लावा. दहा मिनिटं थांबून साध्या पाण्याने टिपून काढा. हेही कपड्यांचंच लिक्विड, तेव्हा पोराने वरणभात खाल्ला असेल तर कोपऱ्यातली थेंबाची परीक्षा इथेही घ्या. जागा नुसती दमट राहिली की वरून कोरडा खायचा सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढा. वास त्यात बराच जातो. हळदीचा पिवळा अंश शिल्लक असेल तर मात्र सोडा आधी टाकू नका. कारण वर आलंच आहे.

घाटाच्या तयारीला गाडीत हे ठेवा: झिप असलेल्या चार पिशव्या, दोन जुने नॅपकिन, अर्धा लिटर पाणी आणि एक जुनं कार्ड. वाईहून पाचगणीला निघण्याआधी पोरांना पोटभर दूध पाजणं टाळलेलं बरं.

स्ट्रॉबेरीचा रंग वेगळ्या जातीचा. तोही साबणाने बिघडतो, पण लाल होण्याऐवजी निळसर-जांभळट होतो. साधी स्ट्रॉबेरी चिरडली असेल तर गार पाणी, मग वर सांगितलेलं व्हिनेगरचं पाणी. क्रीमसोबत सांडली असेल तर आधी क्रीमची चरबी काढावी लागते: लिक्विडचं पातळ पाणी, टिपणं, मग व्हिनेगर. हा क्रम उलटा झाला की रंग जातो, पण तेलकट ठसा राहतो. उसाच्या रसाला ना तेल ना रंग, म्हणून लोक सोडून देतात. नंतर तो तपकिरी पडतो आणि मुंग्या येतात. तासाभरात साध्या पाण्याने टिपला तर एवढंच पुरतं.

चिखलाची घाई करायची नाही. काळ्या रानातली चिकण माती ओली असताना पुसली की धाग्यांत भरते. पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, व्हॅक्यूम फिरवा, उरलं तरच ओलं फडकं. कासच्या आणि महाबळेश्वरच्या लाल मातीत लोह असतं, तिच्यावर ब्लीच कधीच नको, तांबूसपणा आणखी पक्का होतो.

आता पाण्याबद्दल. सीटच्या कापडाखाली फोम असतो, आणि तो पाणी पिऊन बसतो. वरून कापड दोन तासांत वाळलेलं दिसतं. आतला ओलावा नंतर वर येतो, येताना खालची घाण घेऊन येतो, आणि गेलेला डाग दुसऱ्या दिवशी परत उगवतो. लोक याला ‘डाग निघालाच नाही’ समजून आणखी पाणी ओततात. जुलैत, साताऱ्याच्या पावसात, असा फोम कित्येक दिवस वाळत नाही आणि गाडीला कुबट वास धरतो. म्हणून बाटलीतून ओतू नका, स्प्रेने चार-पाच फवारे पुरे. काम झाल्यावर जागेवर कोरडं पांढरं फडकं ठेवून वर वजन ठेवा, वर येणारी घाण फडक्यात जाते. गोल कड उमटू नये म्हणून शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा हलका दमट करून पुसा. पुढच्या सीटखाली वायरी असतात. पिवळ्या वेष्टनातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना ओलं करू नका आणि हात लावू नका.

रेक्झिनच्या सीटला डागाचं भय कमी, पण झिजेचं जास्त. पोरांच्या डोक्याला चोपडलेलं खोबरेल तेल हेडरेस्टवर लागत राहिलं की वरचा थर हळूहळू चिकट होतो, मग पापुद्रे निघतात. जुना नॅपकिन हेडरेस्टवर बांधून ठेवायचा आणि आठवड्याला धुवायचा. दिसायला गावठी, कामाला एक नंबर. बॉलपेनची रेघ सॅनिटायझरने जाते खरी, पण त्यातलं अल्कोहोल रेक्झिनचा थरही नेतं. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, फक्त रेघेवर, लगेच ओल्या फडक्याने पुसून. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर घरातच राहू द्या.

झीज खरी होते ती वाळूने. मातीचे कण आणि भडंगाचा चुरा शिवणीत अडकतो, पोरं घसरत चढतात-उतरतात, आणि प्रत्येक वेळी तो चुरा काचकागदासारखा धागा कापतो. पंधरा दिवसांतून एकदा शिवणी आणि सीटच्या रुळातून व्हॅक्यूम फिरवा. पुढच्या सीटच्या पाठीला बुटांचे ठसे पडतात, तिथे पुसता येईल अशा कापडाची किंवा रेक्झिनची पाठपट्टी लावा.

कव्हर शिवून घेताना कुशनवाल्याला दोन गोष्टी आधी सांगा. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती बाजू झाकायची नाही. एअरबॅगसाठी खास शिवण असलेलं कव्हर मिळालं तरच घ्या, नाहीतर ती सीट तशीच राहू द्या. आणि मागच्या सीटचे पट्ट्याचे बकल व आयसोफिक्सच्या (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या) खाचा मोकळ्या हव्यात. बकल कव्हरखाली गेले की लोक पट्टा लावायचाच सोडतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंड आहे. रंग घ्याल तर एकरंगी बेज नको, बारीक ठिपक्यांचा करडा घ्या. काळा रेक्झिन मे महिन्यात उघड्या मांड्यांना चटके देतो.

चाइल्ड सीटखाली जाड गादी किंवा घडी केलेली चादर टाकू नका. पट्टा ताठ वाटतो, पण धक्का बसला की गादी दबते आणि पट्टा सैल होतो. सीट बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच पातळ रबरी चटई, नाहीतर फोमवर पडणारा खळगा सहन करा. चाइल्ड सीटचं कव्हर धुवायला काढण्याआधी पट्टे कुठल्या खाचेतून गेलेत त्याचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढून ठेवा. पट्टे मात्र भिजवू नका, ब्लीच आणि इस्त्री तर अजिबातच नको. सौम्य साबणाच्या दमट फडक्याने पुसून सावलीत वाळवा. बकलमध्ये रस किंवा उलटी शिरली असेल तर तेल सोडू नका. पुस्तिकेत सांगितलंय तसं स्वच्छ करा, आणि खट्ट आवाज येईना किंवा बटण अडकलं तर ते नीट होईपर्यंत ती सीट वापरू नका.