तांबड्या मातीत पालक का खुरटतो

गोव्यात परसबाग करणाऱ्यांकडून पालकाबद्दल एकच प्रश्न थोड्याफार फरकाने येत राहतो. बी उगवतं, दोन-चार पानं फुटतात, मग रोप बोटभर उंचीवर पिवळं पडून तसंच बसून राहतं. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, तरी हलत नाही. आता काय घालू? तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: चुना घाला. आणि पावसाळ्यात पालक लावायचा नाद सोडा.

आपली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) माती लोहाने लाल झालेली आहे, म्हणून तिच्यात पालक जोमाने यावा असं वाटणं साहजिक आहे. पण वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस या मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो, आणि माती आंबट होते. सामू (मातीच्या आंबटपणाचं माप, pH) साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं मारतं. स्फुरद (फॉस्फरस) लोह-अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसतं, ते झाडाला मिळत नाही. असं रोप उपटून पाहा. मुळं आखूड, जाड, केसाळ तंतू नसलेली दिसतील. अशा मुळांना खत कितीही दिलं तरी घेता येत नाही. तांबडी भाजी (लाल माठ) हीच माती बरीच सोसते, म्हणून शेजारच्या वाफ्यात ती डोलते आणि पालक रुसतो. पालक बीटच्या कुळातला. त्याला सामू सहा ते सातच्या दरम्यान लागतो.

माती तपासून घेतलीत तर उत्तम. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, शिवाय आपापल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करता येते. तपासणी न करता सुरुवात करायची तर तांबड्या मातीला चौरस मीटरमागे 200 ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट हे प्रमाण धरा. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही असतं, म्हणून मिळालं तर तेच घ्यावं. विझवलेला चुना वापरणार असाल तर तो जोरदार, पाऊणपटच घ्या, म्हणजे 150 ग्रॅम. कळीच्या (न विझवलेल्या) चुन्याला हात लावू नका, कातडी भाजते. चुना वर भुरभुरून भागत नाही, तो वीतभर खोल मातीत मिसळावा लागतो. मग पाणी मारून दोन-तीन आठवडे थांबायचं. तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या आणि अंड्यांची टरफलं बुंध्यात टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांत चुनाच असतो, पण अख्खी शिंपली विरघळायला वर्षं जातात. कुटून पीठ केलं तरच थोडाफार उपयोग.

चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातो. शेणखत चुन्यानंतर दोन आठवड्यांनी, चौरस मीटरला 3 किलो, आणि पूर्ण कुजलेलंच. सोबत 25 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट किंवा मूठभर हाडांचा चुरा. नव्या बंगल्याभोवती टिपरने आणून टाकलेली लाल माती असेल तर खत दुप्पट करा. ती बहुतेक वेळा जमिनीच्या खालच्या थरातली असते, तिच्यात सेंद्रिय काही नसतंच.

आता वेळ. दसऱ्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पेरणी करावी, दर पंधरा-वीस दिवसांनी थोडी थोडी, म्हणजे भाजी सलग मिळते. फेब्रुवारीनंतर ऊन आणि लांबत जाणारा दिवस यांनी झाड लवकर तुऱ्यावर येतं, पानं चामट होतात. तेव्हा लावायचाच तर दुपारी सावली पडेल अशी जागा बघा, किंवा निम्मं ऊन अडवणारी, 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. माडाखालची सावली बरी वाटते, पण माडाची मुळं वाफ्यात शिरून पाणी आणि खत दोन्ही ओढतात. बुंध्यापासून निदान दोन मीटर लांब राहा, किंवा पिशवीत लावा. मिरगाच्या पावसात पालक म्हणजे पाणी साचून कुजलेलं बी आणि चिखलाने माखलेली पानं. त्या चार महिन्यांत मायाळूची वेल मांडवावर चढवावी. ती पावसात खूश असते आणि डाळीत पालकाची उणीव भासू देत नाही.

बी घेताना ‘ऑल ग्रीन’, ‘पूसा भारती’ किंवा ‘पूसा ज्योती’ मागा, हा आपला देशी पालक. टोकदार पानांच्या विलायती पालकाचं चकचकीत पाकीट घेऊ नये. त्याला लागते तेवढी थंडी आपल्याकडे मिळतच नाही. पाकिटातलं खडबडीत बी म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा गुच्छ. त्यामुळे एका ठिकाणी दोन-तीन रोपं आली तर गोंधळू नका. चौरस मीटरला 3 ग्रॅम बी पुरतं. रात्रभर भिजवून सकाळी पेरा. मात्र गुलाबी-निळा रंग लावलेलं बी औषध लावलेलं असतं, ते भिजवू नये आणि पेरल्यावर हात धुवावेत. वाफा मीटरभर रुंद, वीतभर उंच. ओळींत 20 सेंटिमीटर अंतर, खोली दीड ते दोन सेंटिमीटर. आठ-दहा दिवसांत उगवतं. रोप चार बोटं झालं की विरळणी करून दोन रोपांत 7-8 सेंटिमीटर ठेवा. उपटलेली कोवळी रोपं वाया जात नाहीत, सरळ डाळीत जातात.

सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) घरांत वीतभर मातीखाली चिराच लागतो. तिथे 12 इंची पिशवी बरी. माती, शेणखत आणि काथ्याचा भुसा समभाग, पिशवीमागे 25-30 ग्रॅम डोलोमाइट. काथ्याचा भुसा आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

मिठावरून आठवलं. किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतात. वाढलेला पालक थोडं मचूळ पाणी सहन करतो, हा त्याचा मोठा गुण. पण उगवताना नाही. पहिले तीन आठवडे गोडं पाणीच द्या. नुस्तं (मासे) धुतलेलं पाणी घालायची आपली रीत वाईट नाही, नत्र मिळतो. फक्त ते पानांवर न ओतता ओळींमध्ये ओता, नाहीतर मांजरं वाफा उकरून ठेवतात. कोंबड्या आणि हल्ली मोर हे दुसरे गिऱ्हाईक. जुनं मासेमारीचं जाळं वाफ्यावर ताणलं की दोघांचा बंदोबस्त होतो.

रोगांचं म्हणाल तर बहुतेक पाण्याच्या चुकीने येतात. उगवून आठवड्यात रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी झाली तर तो ‘मर’ रोग. पाणी जास्त झालं आणि बी दाट पडलं. वाचलेल्यांना वाचवा: पाणी एक दिवसाआड करा, मधली रोपं काढा. पानांवर राखाडी मध्य आणि लालसर कडा असलेले गोल ठिपके दिसले तर बुरशी. डिसेंबरात दव जोरात पडतं, त्यात संध्याकाळी पाणी मारलं की ती फोफावते. सकाळी, मुळाशी पाणी द्यावं, ठिपक्यांची पानं तोडून जाळावीत. चार दिवसांनी ताटात येणाऱ्या पानांवर बुरशीनाशक मारणं मला पटत नाही. पांढऱ्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी पानाच्या आत आहे, वरून मारलेलं औषध तिला फारसं लागत नाही. पान खुडून टाका. माव्यासाठी मात्र लिटरला 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण चालतो.

पेरल्यापासून महिन्याभरात पहिली कापणी. जमिनीपासून 4 सेंटिमीटर वर कापा, मधला कोंब शाबूत ठेवा. घरापुरतं हवं तर बाहेरची पानंच खुडत जा, झाड जास्त टिकतं. प्रत्येक कापणीनंतर चौरस मीटरला एक चहाचा चमचा युरिया 5 लिटर पाण्यात, किंवा शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवून तिचं पाणी. पंधरा-वीस दिवसांनी पुढची कापणी, अशा पाच-सहा मिळतात. मधून दांडा वर येऊ लागला की उपटून टाका, त्यानंतरची पानं कडवट लागतात. त्या जागी लगेच बीट लावू नका, ठिपक्यांची बुरशी दोघांना सारखीच धरते. तांबडी भाजी किंवा भेंडी चालेल. चुना दोन-तीन पावसाळे टिकतो, मग पुन्हा निम्म्या प्रमाणात द्यावा लागतो.