वाऱ्याला ढील

उन्हावर बोलायला बसवलं तर नागपूरकर माणूस तासभर उठायचा नाही. वाऱ्याची चौकशी मात्र आपल्याकडे संक्रांतीपुरती, तीही पतंग घेऊन गच्चीवर गेल्यावर. अंबाझरी तलावावर विंडसर्फिंग करतो, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर फिरतो, म्हटलं की लोक विचारतात, पाणी खोल किती? घाण किती? वाऱ्याचं कुणीच विचारत नाही, आणि सगळी मजा, सगळा छळ तर त्याचाच.

समुद्रावरचा वारा तसा सज्जन. अडवायला कुणी नसल्यामुळे एका चालीने येतो. तलावावरचा येतो तो झाडं, घरं, टेकाडं ओलांडून, ठेचकाळत. त्यात मे महिना! सकाळी पाणी ढिम्म असतं. ऊन चढून जमीन तापली की खालची हवा वर जाऊ लागते आणि वरचा जोरकस वारा खाली उतरतो, पण हप्त्याहप्त्याने. दिशाही तीच राहील याचा भरवसा नाही.

म्हणून डोळे पाण्यावर ठेवायचे. वाऱ्याच्या बाजूने एक काळपट डाग सरकत येताना दिसतो. नीट पाहिलं तर त्यात बारीक सुरकुत्या असतात. तो झोत. तो फळीपाशी पोचायच्या आत गुडघे वाकवायचे, अंग मागे टाकायचं आणि मागच्या हाताने शीड किंचित सैल सोडायचं. पतंगबाजाला हे शिकवावं लागत नाही, ढील कधी द्यायची हे त्याच्या बोटांना कळतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. वेग निम्मा झाला की जोर उरतो पाव, आणि आपण मात्र अजून चौपटीच्या हिशेबाने मागे रेललेलो. मग धपकन पाठीवर. भिजलेलं शीड दोरीने पुन्हा उपसायचं. कंबर बोलायला लागते.

या फळीला सुकाणू नसतं. डोलकाठी बुडाशी लवचिक सांध्यावर बसवलेली, हवी तिकडे कलते. पुढे कलवली की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर जातं, मागे कलवली की वाऱ्याकडे वळतं. थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, साधारण 45 अंश सोडून जावं लागतं. (45 अंश नागपूरकराला काय सांगायचे, पण हे कोनाचे.) पश्चिमेचा वारा धरणाच्या भिंतीकडे फुकटात नेऊन सोडतो. परतीला मात्र नागमोडी, एकेक वळण कमवत.

दुपार कलली की पश्चिमेला ढग चढतात. त्या बाजूने अचानक गार वारा आला की शहाण्याने मुकाट्याने काठ गाठावा. मागोमाग वावधान आणि विजा यायला वेळ लागत नाही, आणि उंच डोलकाठी धरून पाण्यात उभं राहण्यात कसलं शौर्य?

शीड गुंडाळत होतो तेव्हा पाळीवरचे एक काका जवळ आले. "केव्हाचं पाहून राहिलो बाबू, तू पडूनच राहिला. मोटर काऊन नाही लावून घेत?"

"काका, मोटर चालत नाही यात. 1984 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे हा खेळ."

"अस्सं? मंग आपल्या नागपूरचं मेडल गेलं म्हणायचं," ते म्हणाले आणि शीड धरू लागले.