तो बोल्ट निघत नाही तेवढा भाग मला बघायचाय

परवा रात्री साडेअकरा वाजता मी एका गंजलेल्या बोल्टकडे बघत बसले होते, टीव्हीवर, जुन्या गाड्या दुरुस्त करून नव्यासारख्या करतात (रिस्टोरेशन) त्या प्रोग्रॅममध्ये. गाडी कुठली जुनी ब्रिटिश, खाली आडवा झालेला माणूस, हातात भलामोठा पाना, आणि बोल्ट काही हलत नाही. नवरा पाणी प्यायला उठला, म्हणाला अजून तोच बोल्ट? म्हटलं हो, अजून तोच. तो गेला झोपायला. आणि नेमका तेव्हाच यांनी कट मारला, पुढच्या शॉटमध्ये बोल्ट टेबलावर, हात स्वच्छ, बॅकग्राउंडला गिटार. अरे! निघाला कसा? गरम केलात, कापलात, की गणपतीला नवस बोललात? सांगत नाहीत. मी रिमोट आपटला आणि पुढचा एपिसोड लावला, हे माझं असंच आहे.

हा नाद आण्णांमुळे, माझ्या वडिलांमुळे, लागला. कोल्हापुरात घरी केबलवर डिस्कव्हरी लागायचं आणि त्यावर हिंदीत डब केलेलं ‘व्हीलर डीलर्स’. डबिंग असं की मागून माइक ब्रूअरचा खरा इंग्लिश आवाज बारीक ऐकू यायचा आणि वरून एक हिंदी काका ‘वाह दोस्तो, क्या गाड़ी है’ म्हणून ओरडायचे. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी, 2003 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा प्रोग्रॅम, साधा सरळ फॉर्म्युला, माइक जुनी गाडी घासाघीस करून घेणार, एड चायना ती गॅरेजमध्ये दुरुस्त करणार, मग माइक ती विकणार आणि शेवटी हातात हात. एड म्हणजे ताडमाड उंच माणूस, हातात कायम ते नारिंगी ग्लोव्हज, कधी ओरडणं नाही, कुणाला शिव्या नाहीत. एक पार्ट हातात धरून तो सांगणार की हे रबरी बुश आहे, ते असं झिजतं, झिजलं की गाडी अशी ओढते, काढायचं असं, बसवायचं असं. मला बुश म्हणजे काय ते इंजिनीअरिंग कॉलेजात कुणी शिकवलं नाही (कॉम्प्युटरला होते म्हणा), ते या माणसाने शिकवलं.

आणि आण्णांचं एक वाक्य प्रत्येक एपिसोडला ठरलेलं. शेवटी माइक हिशोब मांडतो ना, गाडी एवढ्या पौंडांना घेतली, पार्ट्सना एवढे गेले, विकली एवढ्याला, म्हणजे नफा एवढा. आण्णा चष्मा वर करून म्हणणार, “आणि त्या उंच माणसाला पगार कोण देतंय?”

खरंय की! एडच्या कामाचे तास त्या हिशोबात धरतच नाहीत. माणसाने इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स खोलला, पत्रा कापून नवीन वेल्ड केला, आणि मजुरी शून्य. मजुरी धरली तर बहुतेक गाड्या तोट्यात जातील, आणि हे मी खात्रीने म्हणते कारण मी ते भोगलंय, त्यावर येतेच.

2017 मध्ये एडने प्रोग्रॅम सोडला. त्याने स्वतः व्हिडिओ टाकून कारण सांगितलं होतं, की अमेरिकन चॅनलला गॅरेजमधला दुरुस्तीचा भाग करायला अवघड वाटतो आणि त्यांना तो कमी करायचाय. म्हणजे ज्यासाठी आम्ही बघायचो नेमकं तेच! भेळेतून चुरमुरे काढून टाका म्हणण्यासारखं आहे हे. त्याच्या जागी आलेली माणसं वाईट नव्हती, पण आण्णांनी दोन एपिसोड बघितले आणि “ह्याचे हात लई स्वच्छ आहेत” म्हणून बातम्या लावल्या.

अमेरिकन प्रोग्रॅम्सचं तर वेगळंच प्रकरण. तिकडे सगळ्यांना घाई. ‘ओव्हरहॉलिन’ 2004 चा, चिप फूस नावाचा माणूस, त्याच्या हाताला मी नमस्कार करते, तो पेन्सिलीने गाडीचं चित्र काढतो ते बघत राहावं. पण गोष्ट काय, तर घरचेच लोक मालकाची गाडी परस्पर पळवायला देणार, मालकाला वाटणार चोरी झाली, त्याला आठवडाभर छळणार, आणि तेवढ्यात ही मंडळी गाडी पार नवीन करून समोर उभी करणार. मला तो चोरीचा भाग बघवतच नाही. माणूस रडकुंडीला आलाय आणि बायको पडद्यामागे हसतेय, हे काय प्रेम? ‘फास्ट अँड लाउड’ डॅलसचं, तिथे कुणीतरी कायम ओरडत असतं की शुक्रवारपर्यंत गाडी द्यायचीये नाहीतर लाखोंचं नुकसान. कोण मेलंय त्या शुक्रवारसाठी? गाडी पन्नास वर्षं शेतात पडून होती, अजून एक सोमवार थांबली असती.

एमटीव्हीच्या ‘पिंप माय राइड’ला मी रिस्टोरेशन म्हणतच नाही, गाडीच्या डिकीत टीव्ही बसवणं म्हणजे रिस्टोरेशन असेल तर आमच्या गल्लीतला वडापवाला केव्हाचा आर्टिस्ट आहे. पुढे त्यातल्या काही गाडीमालकांनीच सांगितलं की गाडी महिनोन्‌महिने यांच्याकडेच होती आणि काही वस्तू शूटिंग झाल्यावर काढून घेतल्या. मला बिलकुल आश्चर्य वाटलं नाही.

आणि ती जाहिरातींच्या ब्रेकची भानगड! ब्रेकच्या आधी दाखवणार पुढे काय होणार, ब्रेकनंतर दाखवणार आधी काय झालं, म्हणजे एका तासात खरं काम जेमतेम वीस मिनिटं. इंजिन क्रेनवरून लोंबकळतंय, साखळी करकरली, सगळ्यांचे चेहरे गंभीर, ब्रेक. ब्रेकनंतर काही झालेलंच नसतं. दरवेळी फसते मी.

तर आमची गाडी, प्रीमियर पद्मिनी. आण्णांनी 1986 साली घेतलेली, फिकट निळी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे दोघांच्या सीटवर तिघं. 1089 सीसीचं इंजिन, आंबा घाटात चढाला लागली की तापायची, मग बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून आम्ही रस्त्याकडेला करवंदं खात बसायचो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी, तो कारखाना गेला, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा आण्णांना निदान पंधरा जणांनी तीच बातमी फॉरवर्ड केली, जणू नात्यातलं कुणी गेलं. तोपर्यंत आमची गाडी अंगणात ताडपत्रीखाली सात वर्षं उभी होती. मी म्हटलं आण्णा, करूया का हिला नीट? एवढे एपिसोड बघितलेत आपण.

हेच चुकलं माझं. एपिसोड बघून मला वाटलं होतं तीन महिने लागतील.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. या प्रोग्रॅम्समध्ये दाखवतात की पत्र्यावर लोहचुंबक फिरवायचं, जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली. मी फ्रिजवरचं महालक्ष्मीचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून नेलं (देवीला ओरखडा नको) आणि दाराखालच्या पट्टीवर लावलं. पडलं. पुढे लावलं, पडलं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर आत ढिगाने लांबी, आणि लांबीच्या आत वर्तमानपत्राचे बोळे! पंधराएक वर्षांपूर्वी कुणीतरी रंगकाम करताना गंजलेलं भोक पेपर कोंबून, वरून लांबी फासून, छान चकाचक करून दिलेलं आणि आम्ही खूश होऊन पैसे दिलेले. एका बोळ्यावर क्रिकेटचा स्कोअर अर्धवट वाचता येत होता. आण्णा तो वाचायला लागले. मिस्त्री म्हणाले, “ताई, ह्या गाडीला खाली चेसिस न्हाई, बॉडी हीच चेसिस, पत्रा गेला म्हंजी हाड गेलं.” झालं, फ्लोअर, दोन्ही पट्ट्या, डिकीचा तळ, सगळं कापायचं.

आणि मग आला आमचा बोल्ट. मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचा. पहिल्या दिवशी रॉकेल ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी हातोडीने टपटप, जोरात नाही, सारखं सारखं, त्या हादऱ्यांनी गंज सुटतो म्हणे. तिसऱ्या दिवशी गॅसने नट लालभडक केला, कारण नट तापला की फुगतो आणि आतल्या बोल्टवरची पकड सुटते, हे एडनेही सांगितलं होतं आणि मिस्त्रींना ते एडच्या जन्माआधीपासून माहीत असावं. पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळले. कट्ट. सुटला वाटून मी टाळी वाजवली. तुटला होता. मिस्त्रींनी बिडी पेटवली, दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही, आणि मग उरलेला तुकडा ड्रिलने पोखरून काढण्यात आणखी दीड दिवस. तो दीड दिवस कुठलाच प्रोग्रॅम दाखवत नाही, आणि खरं सांगू, दोन वर्षांतला तो दीड दिवस मला सगळ्यात लख्ख आठवतो. ते ड्रिल कसं धरतात, मधेच थांबून फुंकर मारून भोक बरोबर मधोमध चाललंय का ते बघतात, आण्णा मोबाइलचा टॉर्च धरून उभे, हात दुखला तरी देत नव्हते मला.

टीव्हीवर पार्ट खोक्यातून येतो. एड फोन करायचा आणि नवीन बुश हजर. आमचं बुश कुठेच मिळेना, मग उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे जुनं झिजलेलं बुश नेलं. त्याने कॅलिपर लावला, म्हणाला झिजून एवढं झालंय म्हणजे मूळ एवढं असणार, आणि पितळेचं करून दिलं. चाळीस मिनिटांत. सत्तर रुपये. यावर कुणीतरी प्रोग्रॅम काढा, मी सबस्क्रिप्शन भरते. दाराचं एक हँडल मात्र मी ऑफिसच्या कामाने मुंबईला गेले तेव्हा कुर्ल्याच्या भंगारातून शोधून आणलं, साडी नेसलेली बाई ग्रीस लागलेल्या ढिगात हात घालतेय म्हणून तिथले सगळे काम थांबवून बघत होते.

रंगाची गंमत ऐका. टीव्हीवर रंग म्हणजे बंद चकाचक बूथ, माणूस अंतराळवीरासारखा, तीस सेकंद, चकाकी. आमची गाडी रंगाला तयार झाली जूनच्या शेवटी. कोल्हापूरचा पाऊस! पेंटर म्हणाला दमट हवेत मारला तर रंग पांढुरका पडेल, थांबा. थांबलो. दसरा गेला. मग एकदाचं ऊन पडलं, त्याने धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं, ओळखीचं कुत्रं सुद्धा आत येऊ दिलं नाही, आणि निळा मारला. बंपर तर निकेल-क्रोमला चार महिने गेलेले, आधी घासायचा, मग तांबं, मग निकेल, मग क्रोम, आणि क्रोमचा थर इतका पातळ की खालचा एकूण एक ओरखडा वर दिसतो, म्हणून सगळी मेहनत घासण्यात. मजुरीचं म्हणाल तर मी वहीत लिहायला सुरुवात केली होती, दोन लाख चाळीसला पोचले तेव्हा वही ड्रॉवरमध्ये ठेवली. तेव्हा इंजिनचं काम व्हायचं होतं. माइकला फोन करून विचारावंसं वाटलं होतं.

सगळेच प्रोग्रॅम असे नाहीत. ‘ग्रेव्हयार्ड कार्झ’वाले ओरेगनचे, त्यांचा मुख्य माणूस फार बोलतो आणि स्वतःवर फार खूश असतो, पण कारखान्यात गाडी बनताना कुणी खडूने जी खूण केली होती ती खूणसुद्धा तश्शीच परत करायची, हा त्यांचा वेडेपणा मला मान्य आहे. ‘कार एसओएस’ बघून मी रडते. आजारपणाने वगैरे ज्यांची गाडी अर्धवट राहिलीय त्यांची गाडी टिम आणि फझ गुपचूप नेऊन पूर्ण करून देतात, यात त्या माणसाला छळत नाहीत, हा फरक. आणि यूट्यूबवर ‘प्रोजेक्ट बिंकी’ आहे, दोन इंग्लिश माणसं जुन्या मिनीत टोयोटा सेलिकाचं इंजिन आणि फोर व्हील ड्राइव्ह कोंबतात, एक ब्रॅकेट बनवायला अर्धा एपिसोड, पुढचा एपिसोड कित्येक महिन्यांनी, सगळं मिळून वर्षानुवर्षं. नवरा म्हणतो यात काही घडतच नाही. घडतंय की! पत्रा वाकतोय, बसत नाही, परत वाकवतायत. मिस्त्रींना मोबाइलवर दाखवला तर एवढा वेळ शांत बसून त्यांनी पहिल्यांदाच काही बघितलं, मग म्हणाले, “ह्यांस्नी बी गिऱ्हाईक न्हाई वाटतं.”

शेवटचा तो कापड ओढायचा सीन, मालक तोंडावर हात ठेवतो, ओ माय गॉड, परत ओ माय गॉड, तो आण्णा कधीच बघत नाहीत. गाडी रंगाला गेली की उठतात, गुडघ्यावर हात टेकवत, आणि झोपायला जातात. मी एकदा म्हटलं अहो आण्णा आता तर मजा आहे. म्हणाले, “आता काय, आता धुतील आणि विकतील.”

आमची अजून पूर्ण नाहीये. चालते, रंकाळ्याला चक्कर मारून आणली, एक म्हातारे स्कूटर थांबवून नुसते बॉनेटवर हात फिरवून गेले. पण डाव्या मागच्या दाराची काच वर जात नाही आणि पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. काल मिस्त्रींचा फोन होता, काचेचं मशीन मिळालंय, बुधवारी या की म्हणाले. कुठला बुधवार ते मी विचारलं नाही.