साबणाचो वास

आंबे न्यायला आलेली पुण्याची आत्तेबहीण जाताना मला एक डिफ्युझर देऊन गेली. पांढरं, कांद्याएवढं यंत्र. आत पाणी, पाण्यात लॅव्हेंडरच्या तेलाचे चार थेंब, मागे वायर. "रात्री लाव, मेंदू शांत होतो," म्हणाली. मला दोनपर्यंत डोळा लागत नाही हे आईनेच तिच्या कानावर घातलं असणार. वेंगुर्ल्याला आमच्या वाडीत मांजराने कौल सरकवलं तरी चार घरांत कळतं.

पहिल्या रात्री लावलं. नळीतून बारीक वाफ आली, खोली गोडसर झाली आणि ओटीवरून आईचा आवाज आला, "साबण खंय सांडलो रे?"

झालं. त्यानंतर मला त्या वासात धुण्याचा दगड आणि निळीचं पाणी सोडून काही दिसेना. झोप आली नाही, म्हणून मोबाइल काढून लॅव्हेंडरबद्दल वाचत पडलो. (झोपेसाठी याहून वाईट उपाय नसेल, पण असो.) या तेलांना इसेन्शियल म्हणतात ते आवश्यक असतात म्हणून नव्हे, तर तो झाडाचा इसेन्स, म्हणजे अर्क असतो म्हणून. आणि लॅव्हेंडरच्या अर्कात जे मुख्य दोन घटक आहेत त्यातला एक लिनलूल. हाच लिनलूल साबणात, कपड्यांच्या पावडरीत सर्रास घालतात. म्हणजे आईचं नाक बरोबरच होतं.

पण खरी गंमत पुढे होती. धण्यांच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनलूलच असतो. धणे! आमच्या घरात वर्षाच्या मसाल्याला दोन किलो लागतात ते.

जपानमध्ये कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना लिनलूलचा वास दिला, त्याबद्दलचा निबंध २०१८ साली आला. उंदरांची भीती कमी झाली. ज्या उंदरांना वासच येत नव्हता, त्यांच्यावर मात्र काही परिणाम नाही. म्हणजे तेल फुप्फुसातून रक्तात जाऊन ही किमया करत नाही, काम नाकातून होतं. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींवर वास पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. माणसात त्यांचे सुमारे चारशे प्रकार. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये नोबेल मिळालं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या टपाल कचेरीत जातं, मग पुढे वाटलं जातं. वास तिथे थांबत नाही. तो थेट भीती आणि आठवणींच्या खोलीत शिरतो, चप्पल न काढता. म्हणून सुरंगीच्या फुलांचा वळेसर दिसला की आपण "छान आहे" म्हणतो, पण हुंगला की आजी आठवते.

उंदरांना साबण माहीत नसतो, हा त्यांचा फायदा.

आठवड्याने आईने मसाल्याचा घाट घातला. मागच्या पडवीत चूल, चुलीवर मोठी लोखंडी कढई. नारळाच्या करवंट्या जळणात. मी मुद्दाम शेजारी पाट घेऊन बसलो. धणे पडले तसे आधी नुसते गरम झाले, मग एक हलका, लिंबासारखा वास उठला. हाच तो! मी डोळे मिटून ओढला. दोनच मिनिटांत त्यावर भाजल्याचा खमंगपणा चढला, धणे तांबूस झाले आणि आईने उलथनं माझ्या गुडघ्यावर आपटलं. "बाजूक सर. करपतले."

मग लवंगा, दालचिनी, दगडफूल, बाद्यान. शांत वाटायला लागलं होतं, खरंच. तेवढ्यात तिने शेवटी ठेवलेल्या बेडगी आणि लवंगी मिरच्या कढईत टाकल्या.

मिरचीला नाकातल्या वासाच्या पेशींशी काही देणंघेणं नाही. तिखटपणा चेहऱ्याच्या वेदनेच्या नसेवर जाऊन आदळतो. बाम लावल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं तेही याच नसेमुळे. मेंथॉल थंडावा जाणवून देतो, चोंदलेलं नाक चोंदलेलंच असतं. मी हे सगळं ठसकत, शेंबडात, विहिरीजवळ उभं राहून आठवत होतो. शेजारच्या काकू पलीकडून ओरडल्या, "मसालो भाजतास काय गो?" त्यांना कळलं, रस्त्यावरच्या मासेवालीला कळलं, आई मात्र पदराने घाम पुसत म्हणाली, "माका काय वासच येना नाय." तासभर त्यातच बसली होती, नाकाने दखल घेणं कधीच सोडून दिलं होतं. बहिणीचे चार थेंब तिसऱ्या दिवशी माझ्याकडून आठ झाले होते, ते याचमुळे.

त्या रात्री मी साडेदहाला झोपलो. लिनलूलने की मिरचीने की दिवसभर पोती उचलून, मी ठरवायच्या फंदात पडलो नाही. आईचं मत तयार होतं: "तुझी झोप त्या मोबायलान खाल्लेली. आज तो हातात नव्हतो."

परवा सकाळी ओटी भलतीच सुगंधी लागली. आई बादलीत फडका बुडवून लादी पुसत होती. बाजूला लॅव्हेंडरची बाटली, बूच उघडं.

"आई, ते तेल..."

"फुकट कित्याक घालवूचां? माश्या येनत नाय," ती म्हणाली आणि फडका पिळला.