लॉग म्हणे, मेमरी लॉक झाली!

लिनक्सवरचा माझा एक छोटा प्रोग्राम दिवसभर एका यंत्राच्या संदेशांना उत्तरं देतो आणि रात्री सहा-सात तास नुसता बसून असतो. एरवी दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर. सकाळच्या पहिल्या संदेशाला मात्र पाऊण सेकंद. रोज. दुसऱ्या संदेशापासून पुन्हा सगळं सुरळीत.

आधी नेटवर्कवर संशय घेतला, त्यात दोन दिवस गेले. मग मेमरीची हालचाल दाखवणारं व्हीएमस्टॅट रात्रभर चालू ठेवलं. पहाटे बॅकअप सुरू झाला की 'एसओ' रकान्यातले आकडे उसळायचे, म्हणजे पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) रॅममधून स्वॅपमध्ये, डिस्कवरच्या राखीव जागेत, जात होती. बॅकअप भराभर फायली वाचतो, त्यांच्या कॅशेला (रॅममधल्या प्रतींना) जागा लागते, आणि कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बघतो की हा गडी तासन् तास झोपलाय. याची पेजेस हलवायला काय हरकत? कर्नलच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच होतं त्याचं.

स्वॅपिनेस, म्हणजे स्वॅप करण्याची कर्नलची ओढ, ६० वरून १० वर आणलं. त्रास कमी झाला, पण गेला नाही. मशीनचा स्वॅपच बंद करायचा विचार आला, पण त्याने अर्धंच काम होतं. प्रोग्रामच्या कोडची पेजेस स्वॅपमध्ये जातच नाहीत. कर्नल ती सरळ टाकून देतो आणि लागली की डिस्कवरच्या मूळ फाइलीतून परत वाचतो. उशीर तो उशीरच. म्हणजे कोड, डेटा, स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा), सगळंच रॅममध्ये खिळवून ठेवायला हवं होतं.

जुन्या नोट्समध्ये 'पीलॉक' सापडलं. सिस्टम व्ही युनिक्समधला हा कॉल (कर्नलकडे करायची मागणी): फक्त कोड, फक्त डेटा किंवा अख्खी प्रोसेस, हवं ते लॉक करा. अट एकच, रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, असायला हवं. फारच सुटसुटीत वाटलं, पण लिनक्सवर ते नाहीच. तिथे पॉझिक्स या युनिक्स प्रमाणकाच्या १९९३ च्या रिअलटाइम विस्तारातले एमलॉक आणि एमलॉकऑल वापरायचे. एमलॉकऑलला दोन फ्लॅग दिले: 'करंट', म्हणजे आत्ता असलेली पेजेस, आणि 'फ्यूचर', म्हणजे पुढे येणारी. एका ओळीचं काम!

चालवलं. उत्तर आलं: मेमरी मिळू शकत नाही. रॅम तर निम्मी मोकळी होती. ही चूक मेमरी संपल्याची नव्हतीच, मर्यादा ओलांडल्याची होती. लिनक्स २.६.९ पासून साध्या युजरलाही मेमरी लॉक करता येते, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा सांगणाऱ्या 'यूलिमिट -एल' ने ६४ दाखवले. किलोबाइट! (५.१६ पासून कर्नलची मूळ मर्यादा ८ एमबी आहे. माझं कर्नल जुनं.) शिवाय 'करंट' दिल्यावर हिशोब होतो तो प्रोसेसच्या एकूण व्हर्च्युअल आकाराचा, प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या भागाचा नाही. माझा तो साधारण २० एमबी होता.

लिमिट्सच्या फाइलीत मर्यादा ६४ एमबी केली. टर्मिनलवरून चालवलं तर चाललं. सर्व्हिस म्हणून चालवलं तर पुन्हा तीच चूक. ती फाइल लॉगिन सांभाळणारं पॅम वाचतं, लॉगिनच्या वेळी. सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टमडीने सुरू केलेली सर्व्हिस लॉगिन करतच नाही, तिच्यासाठी तिच्या सेटिंगच्या म्हणजे युनिट फाइलीत 'लिमिटमेमलॉक' वेगळं लिहावं लागतं. तेही लिहिलं. आता लॉगमध्ये ओळ आली: 'मेमरी लॉक झाली'. मी निवांत झोपलो.

सकाळी पहिलं उत्तर, पाऊण सेकंद.

इथे मात्र डोकं गरगरलं. कॉलने शून्य परत केलं होतं, म्हणजे यश. शेवटी प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरखालच्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत पाहिलं, तर 'व्हीएमलॉक' (लॉक झालेली मेमरी) समोर ० केबी. लॉक झालंच नव्हतं? झालं होतं, पण दुसऱ्याच प्रोसेसचं. माझा प्रोग्राम जुन्या वळणाचा: सुरू झाला की फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत (मूल प्रोसेस) काढून, मागे गुपचूप चालणारा डीमन होतो आणि मूळ प्रोसेस संपते. मी एमलॉकऑल मेन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत टाकलं होतं, फोर्कच्या आधी. मेमरी लॉक मुलाकडे वारशाने जात नाही. बापाने लॉक केलं, लॉगमध्ये ऐटीत लिहिलं आणि तो गेला. मुलगा आपला उघड्यावरच. ('एक्झेक' करून त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवल्यावरही लॉक सुटतं.)

कॉल फोर्कच्या नंतर हलवला, तर थ्रेड (प्रोसेसमधले समांतर चालणारे धागे) सुरू होईनात. 'फ्यूचर' फ्लॅगमुळे प्रत्येक नव्या थ्रेडचा अख्खा स्टॅक लॉक होतो, आणि माझ्याकडे तो ८ एमबीचा होता. सहा थ्रेडचे ४८, वर प्रोग्रामचे २०, आणि मर्यादा ६४. मर्यादा वाढवण्याऐवजी स्टॅक २५६ केबी केला, तेवढा मला पुरतो. आपण खिळवलेली रॅम इतर कुणालाच मिळत नाही, त्यामुळे उगाच मोठी मर्यादा ठेवायला मन धजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी 'व्हीएमस्वॅप' (स्वॅपमध्ये गेलेली मेमरी) ० केबी, पहिलं उत्तर तीन मिलिसेकंदांत. लॉगमधली ती ओळ मी काढून टाकली. आता प्रोग्राम स्वतःची स्टेटस फाइल उघडतो, 'व्हीएमलॉक' चा आकडा वाचतो आणि तोच छापतो.