वाहक आहे की नाही, हे हार्मोनला विचारलं तर काय होतं

माझा भाचा दोन आठवड्यांचा असताना अचानक दूध घेईना, सारख्या उलट्या, सोडियम खाली आणि पोटॅशियम वर, आणि मग निदान झालं कंजेनिटल अॅड्रीनल हायपरप्लेजिया, ज्याला आम्ही आता घरात नुसतं सीएएच म्हणतो. आता तो चार वर्षांचा आहे, दिवसातून तीनदा हायड्रोकॉर्टिसोन घेतो आणि घरभर धिंगाणा घालतो, त्याची गोष्ट नाहीये ही. ही माझी आणि माझ्या भावाची, कारण ताईला बाळ झाल्यावर आम्हा दोघांच्याही डोक्यात एकच प्रश्न होता, आपल्यातही ते आहे का?

थोडक्यात सांगते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात, त्या साखळीत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि सीएएचच्या ९० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये बिघाड तिथेच असतो. पुढचं दार बंद झालं की मागे १७-ओएचपी नावाचा कच्चा माल साठतो आणि त्यातला बराचसा पुरुषी हार्मोन्सकडे वळतो. आजार व्हायला जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एकच बिघडली तर माणूस वाहक, ठणठणीत, आयुष्यभर कळतही नाही. साधारण ६० जणांत एक वाहक असतो, म्हणजे हे काही फार दुर्मीळ वगैरे नाही, दुर्मीळ आहे ते दोन वाहक एकत्र येणं.

ताई वाहक, म्हणजे आई-बाबांपैकी कोणीतरी वाहक, म्हणजे मी वाहक असण्याची शक्यता अर्धी. समजा मी आहे, तरी नवरा वाहक असण्याची शक्यता ६० त एक आणि मग बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची चारात एक, म्हणजे २४० त एक. हा हिशोब मी इतक्या वेळा केला की तोंडपाठ झालाय, पण पोटातला गोळा काही गेला नाही.

तर टेस्ट. सकाळी लवकर जायचं, कारण १७-ओएचपी सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरतं, बायकांनी पाळीच्या पहिल्या टप्प्यातच करायची कारण ओव्ह्युलेशननंतर ते आपोआपच वाढतं (मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, पहिली अपॉइंटमेंट चुकीच्या आठवड्यात पडली आणि फेरी वाया गेली). आधी रक्त घेतात, मग २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएचचं इंजेक्शन, आणि ६० मिनिटांनी परत रक्त. एसीटीएच म्हणजे मेंदूतून अॅड्रीनलला येणारा हुकूम, की कॉर्टिसॉल बनव. कल्पना अशी की साध्या दिवशी एक चांगली प्रत सगळं काम निभावते, पण एकदम एवढा लोड टाकला की वाहकाचं एन्झाइम थोडं कमी पडेल आणि १७-ओएचपी साठलेलं दिसेल.

१९८३ मध्ये मारिया न्यू या हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांच्या टीमने असे आकडे आलेखावर मांडले, एका बाजूला इंजेक्शनच्या आधीचा आणि दुसऱ्या बाजूला नंतरचा. आजारी लोक वर वेगळे दिसतात, इंजेक्शननंतर १७-ओएचपी १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की सहसा आजाराचाच विचार करतात, सौम्य प्रकारही तिथेच सापडतो. गोंधळ आहे तो खाली, कारण वाहक आणि वाहक नसलेले तिथे एकमेकांत मिसळून जातात.

हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि आपला रिपोर्ट हातात धरणं वेगळं. इंजेक्शननंतर माझा आकडा १९८ आणि भावाचा २६४. अर्थातच भाऊ घाबरला आणि मी मनातल्या मनात सुटले (हो, सुटले, खोटं कशाला बोलू).

मग जीन टेस्ट केली. ती पण सरळ नाहीये, कारण ह्या जीनच्या शेजारीच तिचं जवळजवळ हुबेहूब पण निकामी जुळं भावंड असतं, आणि बरेचसे बिघाड त्या निकाम्या प्रतीतूनच इकडे आलेले असतात, त्यामुळे लॅबला नक्की कुणाचं वाचतोय हे नीट तपासावं लागतं. भाच्याचे दोन्ही बिघाड आधीच माहीत होते म्हणून आमचं काम सोपं झालं, नेमकं काय शोधायचं ते ठरलेलं होतं. म्हणून माझं मत, घरात आजारी मूल असेल तर आधी त्याचा जीन रिपोर्ट काढा, मग बाकीच्यांना टोचा.

निकाल? १९८ वाली मी वाहक आणि २६४ वाला भाऊ नाही.

म्हणजे हार्मोन टेस्ट खोटी बोलली असं नाही, तिला जे विचारलं तेच तिने सांगितलं, की लोड टाकल्यावर ग्रंथी कशी वागते. माझी एक प्रत तो लोड व्यवस्थित पेलते आणि भावाच्या ग्रंथीचा स्वभावच थोडा वरचा. २१-डीऑक्सिकॉर्टिसॉल नावाचा अजून एक हार्मोन आहे, १७-ओएचपी साठलं की त्यातून बनतो, वाहक ओळखायला तो जास्त नेमका मानतात, पण सगळ्या लॅब तो मोजत नाहीत. नवऱ्याची आम्ही थेट जीन टेस्टच केली, आकड्यांचा खेळ परत नको म्हणून, आणि त्याच्यात काही सापडलं नाही.

आईने मात्र चार वर्षं ठरवून टाकलं होतं की हे तिच्याकडूनच आलंय, तिच्या माहेरी एक बाळ लहानपणी गेलेलं म्हणून. शेवटी दोघांचीही तपासणी केली तर वाहक निघाले बाबा. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला, आईकडे बघितलं, आणि मला विचारलं, "मग मला आता काही गोळी बिळी घ्यायची का?" नाही म्हटलं, तसं रिपोर्ट घडी करून आईच्या हातात दिला.