तुम्ही विचारलंत म्हणून: दाराच्या सांध्यात पायरी का येते?

राउटर टेबल (खालून फिरतं कापणारं यंत्र बसवलेलं टेबल) घेतलेले सोलापुरातले सुतार आणि हौशी मंडळी हमखास विचारतात: बिटांची (यंत्रात बसवायच्या कापणाऱ्या हत्यारांची) जोडी नवीकोरी, तरी कपाटाच्या दाराची उभी-आडवी पट्टी मिळते तिथे बोटाला पायरी का लागते?

बहुतेक वेळा दुसऱ्या बिटाची उंची मोजपट्टीने लावलेली असते. ती पहिल्या बिटाने कापलेल्या लाकडावरूनच घ्या.

सगळ्या पट्ट्या आणि चाचणीचे चार तुकडे एकाच वेळी रंधून २० मिमी करा. बिटाचा दांडा १२.७ मिमी असेल तर त्याला आवळणारा मशीनमधला कोलेटही तेवढाच हवा. त्यात १२ मिमीचा दांडा आवळू नका. चालू मशीनमध्ये तो सुटतो. दांडा तळाला टेकवून २-३ मिमी वर ओढा, फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची आडपट्टी) बिटावरच्या बेअरिंगच्या, म्हणजे फिरत्या चकतीच्या, रेषेत आणा. ४० मिमी व्यासाच्या बिटाला मिनिटाला १८ हजारांवर फेरे नकोत.

पहिलं बिट काठाला नक्षी आणि खाच पाडतं. तुकडा पालथा, म्हणजे दर्शनी बाजू टेबलावर. हे शेवटपर्यंत पाळा. जाडीतला उरलासुरला फरक मग मागच्या अंगाला जातो. दुसरं बिट आडव्या पट्टीच्या टोकाला त्या खाचेत बसणारी जीभ पाडतं. ते लावलं की तोच तुकडा त्याच्याशेजारी पालथा ठेवा. दोन पात्यांमधलं बेअरिंग खाचेसमोर आणि वरच्या पात्याची खालची धार खाचेच्या वरच्या भिंतीशी आली पाहिजे. स्लेड (तुकडा धरून सरकवायची फळी) वापरणार असाल तर तुकडा स्लेडवर ठेवून बघा, नाहीतर स्लेडच्या तळाएवढी चूक ठरलेली.

आता चाचणीचा सांधा जुळवा. आडवी पट्टी दर्शनी बाजूला वर आली तर दुसरं बिट खाली घ्या, आत गेली तर वर. अर्धा मिमीसुद्धा पॉलिशखाली लपत नाही. जीभ खाचेत खुळखुळत असेल तर दुसऱ्या बिटात पात्यांमध्ये पातळ शिम (चकती) वाढवा, ठोकावी लागत असेल तर काढा. धार लावून आणलेल्या बिटात ती घट्टच होते, कारण पाती झिजून खाच अरुंद आणि जीभ जाड होते.

खऱ्या पट्ट्यांवर मात्र आडव्यांची टोकं आधी कापा, मागे टेकू देऊन. तरी एखादा ढलपा निघालाच तर काठ कापताना तो साफ होतो. लांबीत जिभा मोजायला विसरू नका: दार ४०० मिमी, उभ्या पट्ट्या ५७ मिमीच्या, खाच ९.५ मिमी खोल, तर आडवी पट्टी ४०० − ११४ + १९ = ३०५ मिमी.

चौकटीच्या खाचेत बसणाऱ्या सागवानी पॅनलला सरस लावू नका. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, लाकूड आकसतं, आणि पावसात फुगतं. उन्हाळ्यात दार बनवत असाल तर पॅनलच्या रुंदीत दोन्हीकडे २-३ मिमी जागा सोडा. पावसाळ्यात कमी पुरते, पण तेव्हा पॅनलचे काठ जोडण्याआधीच पॉलिश करा, नाहीतर उन्हाळ्यात खाचेशेजारी कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.